मर्व्हचा खांदा

मे महिन्यात आमच्याकडे, दक्षिण गोलार्धात, गारठा पडायला लागतो. पुण्याला फोनवर हे सांगितलं की पलीकडून दर वर्षी तोच प्रश्न येतो, "मेमध्ये?" आणि दर वर्षी मी तेच उत्तर देतो, "हो, मेमध्ये." पण इथल्या मेची खरी खूण थंडी नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, उजाडता उजाडता, आमच्या अल्बनी उपनगराच्या उत्तरेकडच्या कुरणांतून, तळ्यांच्या बाजूने आवाज येतात. ठप्. मग बराच वेळ काही नाही. मग ठप्, ठप्. बदकांच्या शिकारीचा मोसम उघडला.

यंदाही उघडला. मुलगी पांघरुणातून म्हणाली, "डॅड, पुअर डक्स." मी म्हणालो, "झोप अजून, शनिवार आहे." ती झोपली. मी पडून राहिलो. मला बदकांबद्दल विशेष काही वाटत नव्हतं, उगाच खोटं कशाला बोला. मी ऐकत होतो ते बार झाल्यानंतरचं. बंदुकीचा आवाज आला की माझा कान तिच्या पोटातली खटखट शोधायला लागतो: लोखंड मागे गेलं, आदळलं, परत पुढे आलं. इतक्या लांबून ते ऐकू येणं शक्य नाही, आणि बदकांच्या बंदुकीत तसलं लोखंड बहुधा नसतंही, हे मला कळतं. पण सवय ती सवय. पंधरा वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्याने लावलेली.

तो हिवाळा मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, ईस्ट टामाकीत काढला. स्प्रिंगांच्या कारखान्यात मी डिझाइन इंजिनिअर होतो. पत्र्याच्या छपरावर पाऊस, आत तापलेल्या तेलाचा वास, आणि तयार झालेल्या स्प्रिंगा पिंपात पडतात त्याचा छुम्-छुम् आवाज. दिवसभर कुणीतरी पैंजण घालून फिरतंय असं वाटायचं. माझ्या आधी आमच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबा मार्केट यार्डात हमाल. पाठीवर पोती वाहून त्यांनी मला इंजिनिअर केलं, आणि ही गोष्ट मी लपवली नाही, मिरवलीच. माझ्या टेबलाशेजारच्या भिंतीवर मी डिग्रीची झेरॉक्स लावली होती. इथे कुणी असं करत नाही, हे मला नंतर कळलं. कळल्यावरही मी ती काढली नाही.

मर्व्ह त्या कारखान्यातला सेटर. बासष्ट वर्षांचा, लांब हातांचा, बोलायला तिरकस. स्प्रिंग वळायचं मशीन तो कानाने लावायचा. मी कॉम्प्युटरवरून आकडे द्यायचो, तो ते बघायचा, खिशात घालायचा आणि मशीनला कान देऊन उभा राहायचा. आमचं बरं चाललं होतं. म्हणजे तो माझी टिंगल करायचा आणि मी ती ऐकून घ्यायचो.

जूनमधल्या एका सोमवारी सकाळच्या चहाच्या सुट्टीत, ज्याला इथे स्मोको म्हणतात, तो रुमालात गुंडाळलेली एक लांब स्प्रिंग घेऊन माझ्यासमोर बसला.

"डॉक्टर," तो म्हणाला. डिग्री भिंतीवर लागल्यापासून तो मला डॉक्टर म्हणायचा. "ही माझ्या कार्बाइनची. हिचं काही करता येईल का बघ."

मग त्याने सगळं सांगितलं. तो शहराच्या दक्षिणेला टेकड्यांच्या खोबणीतल्या एका छोट्या क्लबात नेमबाजी करायचा. हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी रविवारी एक, अशा सहा स्पर्धा. पोलादी चकत्या मांडलेल्या, घड्याळ लावायचं, एकामागून एक पाडायच्या. एकोणीस हिवाळे त्याने एकही रविवार चुकवला नव्हता. पण आदल्या उन्हाळ्यात सरपण भरताना तो यूटच्या, म्हणजे उघड्या पिकअप गाडीच्या, हौद्यावरून घसरला, उजव्या खांद्याचं आतलं काहीतरी फाटलं, शिवावं लागलं. आता दर वेळी बार झाला की कार्बाइनचा दस्ता त्या शिवणीवर बसायचा. दोन रविवार झाले होते. दुसऱ्यानंतरच्या सोमवारी, म्हणजे आजच, हात छातीच्या वर जात नव्हता.

"कोलीनने सांगून टाकलंय," तो म्हणाला. कोलीन त्याची बायको. "अजून असा एकच सोमवार उगवला तर बंदूक घरात राहणार नाही. आणि ती नुसतं बोलत नाही, मेट."

चार रविवार राहिले होते. एवढाच प्रश्न होता: हा हिवाळा पुरा होतो की नाही.

मी कागद ओढला. मर्व्हची कार्बाइन नऊ मिलिमीटरची, म्हणजे पिस्तुलाची गोळी आणि लांब नळीची बंदूक. खरं तर तिचा धक्का किरकोळ असायला हवा. पण ती ब्लोबॅक जातीची. मोठ्या रायफलींत बार होतो त्या क्षणी मागचा बोल्ट कुलूप लावल्यासारखा घट्ट अडकलेला असतो. ब्लोबॅकमध्ये कुलूपच नाही. दार नुसतं लोटलेलं, आणि त्याला पाठ लावून एक जाडजूड माणूस उभा. तो जाड माणूस म्हणजे बोल्टचं वजन. स्प्रिंगचा हात त्याला मागून टेकलेला. बार झाला की दार ढकललं जातं. माणूस जड, म्हणून हलायला जरा वेळ लावतो, आणि तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडते. पण एकदा तो निघाला की थेट मागच्या भिंतीवर जाऊन आदळतो. भिंतीच्या पलीकडे मर्व्हचा खांदा.

हे कळल्यावर उत्तर सोपं होतं. स्प्रिंग कडक करायची. माणसाला वाटेतच अडवायचं. मी तीन पानं गणित केलं, सुवाच्य अक्षरात, शेवटी उत्तराभोवती चौकट. साहेबांची परवानगी घेऊन मर्व्हने स्वतःच ती स्प्रिंग वळली. क्लबच्या बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराने तपासली, धोका काही नाही म्हणाला. "पण मला पटत नाही," असंही म्हणाला. मर्व्हने मला ते सांगितलं. मी हसलो. त्या माणसाने डिप्लोमासुद्धा केला नव्हता.

तिसऱ्या रविवारनंतरचा सोमवार मला आजही दिसतो. पाऊस तिरका पडत होता. मर्व्ह डबा डाव्या हातात घेऊन आला. उजवा हात जॅकेटच्या खिशात, अंगठा बाहेर. स्मोकोला तो माझ्यासमोर बसला आणि स्प्रिंग टेबलावर ठेवली.

"झकास स्प्रिंग आहे, डॉक्टर. बंदरावर क्रेनला लाव."

झालं होतं असं की बोल्ट मागे ओढून बंदूक तयार करायला आता दुप्पट जोर लागत होता, आणि तो ओढायचा होता त्याच हाताने, त्याच खांद्याने. सहा फेऱ्या, दर फेरीआधी एकदा. दोनदा तो हात मध्येच सुटला. धक्क्यापेक्षा जास्त त्या ओढण्याने त्याला मारलं होतं.

"कोलीन?" मी विचारलं.

"तिला म्हटलं, ही डॉक्टरची चूक, माझी नाही. एक रविवार आणखी मिळालाय. एक." मग तो माझ्याकडे बघत राहिला. "मला एक सांग. तू ही बंदूक कधी चालवलीस?"

"नाही."

"दुसरी कुठली?"

"नाही."

"मग तू मोजलंस काय?"

मी स्प्रिंग उचलून खणात टाकली.

त्याच्या प्रश्नावर मी पुढे पुष्कळ विचार केला, आणि आता थोडं लांबून बघता येतं. आम्ही पुण्यात गणितं सोडवायला शिकलो. प्रश्नाच्या वर 'दिले आहे' असं लिहायचं आणि त्याखाली वजन, वेग, लांबी उतरवून घ्यायची. जे दिलेलं नाही ते नसतंच. त्या पद्धतीने मी डिस्टिंक्शन मिळवलं, नोकरी मिळवली, या देशात आलो. माझ्या तीन पानांत गोळी होती, बोल्ट होता, तार किती जाड तेही होतं. मर्व्ह कुठेच नव्हता. आणि विचारावं, 'तू ती ओढतोस कशी, जरा दाखव', तर तेवढ्याने मला काहीतरी येत नाही असं दिसलं असतं. ज्याच्या घरात सगळे शिकलेले असतात तो खुशाल म्हणतो, मला माहीत नाही. माझ्यासारख्याला ते जड जातं. 'माहीत नाही' म्हणायला आपल्याला शिकवलंय का, असं वाटतं.

स्पर्धा नसलेल्या रविवारी मर्व्ह मला रेंजवर घेऊन गेला. लायसन्सवाला माणूस हाताच्या अंतरावर उभा असेल तर इथे नवख्याला बंदूक चालवू देतात. मेंढ्यांचं कुरण, मग काटेरी तारेचं फाटक, मग तीन बाजूंनी मातीचे बांध. थंडी अशी की कानाच्या पाळ्या आपल्या नाहीत असं वाटावं. लाल निशाण वर चढलं, रेंज ऑफिसर बाईंनी आवाज दिला, आणि मर्व्ह माझ्या कोपराशी उभा राहून म्हणाला, "चाप ओढू नकोस. दाबत राहा. सुटेल तेव्हा सुटेल."

सुटली. मला वाटलं होतं दणका बसेल. दणका नव्हता. पण धक्के दोन होते, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिला बार होतानाचा, लांबट, ढकलल्यासारखा. तो सोसायला काहीच नाही. दुसरा त्याच्या पाठीला लागून, टणक, आखूड, हाडावर हातोडी टेकवल्यासारखा. तो बोल्टचा, मागच्या भिंतीवरचा. मग माझी कडक स्प्रिंग घालून चालवली. हातोडी थोडी हलकी झाली, पण बोल्ट परतताना इतक्या त्वेषाने पुढे गेला की नळीने मान खाली घातली आणि पुढची गोळी मातीत. आणि ओढताना माझ्या धडधाकट खांद्यालाही ती नकोशी झाली.

"आता कळलं?" मर्व्हने विचारलं.

"थोडंसं," मी म्हणालो.

"हे बरं. मागच्या वेळी तुला सगळं कळलं होतं."

घरी आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, पुण्यात सकाळचे साडेआठ. तेव्हा फोनकार्डांचे दिवस. कोपऱ्यावरच्या डेअरीतून कार्ड आणायचं, डेअरी म्हणजे आपलं किराण्याचं दुकान, नाण्याने नंबर खरवडायचा आणि फोनमधली बाई किती मिनिटं उरली ते सांगेपर्यंत वाट बघायची. बाबा तिकडे शेजाऱ्यांच्या फोनपाशी येऊन बसायचे. त्या दिवशी अंजली, माझी बायको, आधी बोलली आणि तिने चुगली केली.

"ह्यांचा खांदा सुजलाय बाबा. बंदूक उडवायला गेले होते. स्प्रिंग दुसऱ्याची, खांदा आपला."

मी फोन घेतला. बाबांनी बंदुकीबद्दल काही विचारलं नाही. खांद्याबद्दल विचारलं. धक्का कुठून येतो, कसा बसतो, तू उभा कसा होतास. मी ताठ उभा होतो, खांदा घट्ट करून. ते हसले.

"आरं, ताठ कशाला ऱ्हायलास? गाडीवरनं पोतं सुटतं तवा ताठ ऱ्हाणारा गडी दोन वर्सांत घरी बसतो. पोत्यासंगं जरा खाली जायाचं. लई न्हाय, ईतभर. त्या ईतभरातच समदं हाय."

"आणि वरून टाकणाऱ्याने जोरात टाकलं तर?"

"मग त्याला आधी शिव्या घालायच्या. फेकल्यालं पोतं कोनालाच झेलवत न्हाय. त्यानं सोडायचं हळू, आपून घ्यायचं वाकून. दोगांचं जमलं पायजे."

यात नवीन काही नव्हतं. तोच आघात जास्त वेळात वाटून दिला की जोर कमी लागतो, हे सूत्र मला अकरावीपासून पाठ होतं. फक्त ते आमच्याच घरात राहत होतं, हे माहीत नव्हतं.

पुढचे सहा दिवस आम्ही कामाला लागलो. जुनी स्प्रिंग परत घातली. क्लबच्या कारागिराकडे मी स्वतः गेलो, म्हणालो, "मला येत नाही, तुम्ही सांगा." तो फार बोलला नाही. बोल्टला मागे जोडायचं थोडं वजन त्याने करून दिलं, म्हणजे बोल्ट मुळात निघेलच सावकाश. आणि मागच्या भिंतीवर रबरासारखी एक गादी. ती मात्र माझी. ईस्ट टामाकीतल्या शेजारच्या गल्लीत पॉलियुरेथेनचे तुकडे मिळायचे. तीन कडकपणाचे आणले. सगळ्यात मऊ होती ती चाळीस गोळ्यांत चेचली. सगळ्यात कडक होती ती असून नसल्यासारखी. मधली राहिली. ईतभर कुठली, बोटाच्या पेराहून पातळ. पण तेवढ्यात हातोडीचा तळहात झाला.

राहिलं उभं राहणं. मर्व्ह जुन्या पद्धतीने उभा राहायचा, अंग तिरकं, कंबर मागे, दस्ता खांद्याच्या टोकावर. नेमका शिवणीवर. मी त्याला म्हणालो, समोर तोंड कर, दस्ता आत छातीकडे घे, गुडघे सैल सोड, पुढे झुक.

"आता हा मला उभं राहायला शिकवणार," तो मशीनकडे बघून म्हणाला.

"मी नाही. माझे वडील."

"ते शूटर आहेत?"

"ते पोती वाहतात. धान्याच्या बाजारात. चाळीस वर्षं."

मर्व्हने हातातला पाना खाली ठेवला. "माझा बाप वॉर्फी होता," तो म्हणाला. बंदरावर माल चढवणाऱ्यांना इथे वॉर्फी म्हणतात. "पोतीच. साखर, खत. एका सकाळी पाठ गेली आणि दुपारी त्याला गाडीत घालून घरी आणला. परत गेला नाही." मग पाना उचलून म्हणाला, "बरं, गुडघे किती सैल?"

मशीनशेजारी, वळवलेल्या तारेच्या वेटोळ्यांमध्ये, हातात झाडूचा दांडा घेऊन बासष्ट वर्षांचा एक माणूस गुडघे वाकवून उभा आहे आणि मी त्याच्या खांद्याला तळहाताने धक्के देतो आहे, हे चित्र आता आठवलं की मला हसू येतं. तेव्हा आम्ही दोघंही हसत नव्हतो.

चौथ्या रविवारनंतरचा सोमवार. मी लवकर येऊन बसलो होतो. मर्व्ह आला, भिंतीवरच्या सगळ्यात वरच्या आकड्याला टांगलेला कप त्याने उजव्या हाताने काढला, दूध आहे का बघितलं आणि म्हणाला, "स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत, एकदम मस्त. बस, एवढंच. पाचव्यानंतरही तसंच. कोलीनने म्हणे नुसतं 'हं' केलं.

हिवाळ्याला इथे शेवट असा नसतो. ऑगस्टात पिवळी फुलं येतात आणि त्याच आठवड्यात गाराही पडतात. सहाव्या रविवारी दक्षिणेचा वारा होता, अंगातली ऊब काढून नेणारा. कोलीन पहिल्यांदाच आली होती. ती गाडीतून उतरली नाही. काच थोडी खाली, मांडीवर थर्मास. मी बांधाच्या मागे इतर लोकांबरोबर उभा होतो, कानात आवाज अडवणारी बोंडं घालून, त्यामुळे सगळं जरा पाण्याखाली चालल्यासारखं वाटत होतं. मर्व्ह पुढे झुकून उभा राहिला. पाच चकत्या. एक पडली, दोन पडल्या, तिसरीला लागली नाही, चौथी, पाचवी, मग परत तिसरी. बंदूक त्याच्या खांद्यावर हलत होती, पण नुसती श्वास घेतल्यासारखी. बघणाऱ्याला त्यात काही दिसलं नसतं. मला दिसत होतं: बोल्ट निघाला, सावकाश, गादीवर टेकला, परत गेला.

तो चौदा जणांत अकरावा आला. रेंज ऑफिसर बाईंनी बंदूक रिकामी असल्याचं बघून मान हलवली, त्याने सही केली, हिवाळा पुरा झाला. मी त्याचा हात हातात घेऊन जोरात हलवला. उजवाच.

मग आम्ही चहाच्या खोलीत गेलो. तिथे सूचनांचा एक फळा होता, कुणाचं काय विकायचंय, कुणाला काय हवंय. मर्व्हने खिशातून एक कार्ड काढलं आणि टाचणीने लावलं. घरूनच लिहून आणलेलं. कार्बाइन विकणे आहे, चांगल्या स्थितीत, फक्त लायसन्स असणाऱ्यांनी विचारावे.

मी ते दोनदा वाचलं.

"खांदा दुखतोय?"

"नाही. झकास आहे."

"कोलीन काही म्हणाली?"

"तिला अजून माहीत नाही."

"मग हे कशाला?" मला राग आला होता, तो मी लपवला नाही. "दोन महिने मी यात घातले. आता कुठे ती नीट चालतेय. अजून पाच हिवाळे चालेल. आणि आता विकतोस?"

"आताच," मर्व्ह म्हणाला. तो कार्ड सरळ करत होता. एका बाजूला कलंडलं होतं. "जूनमध्ये मी ती विकली असती, तर ती माझ्याकडून घेतली असती. खांद्याने घेतली असती, कोलीनने घेतली असती, कुणीतरी. आज मी देतोय. तू मला हे करून दिलंस, डॉक्टर. अकरावं येणं तर मला आधीही जमत होतं."

"हे मला माहीत नव्हतं," मी म्हणालो, आणि या वेळी ते मला जड गेलं नाही.

त्याने चहा संपवला, कप विसळून पालथा ठेवला. बंदुकीची लांब पेटी बाकाखाली होती, बोल्टच्या वाढीव वजनासकट चांगलीच जड. तो वाकला, ती उजव्या हाताने उचलली आणि चिखलातून गाडीकडे चालायला लागला. मी दारात थांबलो. पेटीचं दुसरं टोक धरायला पुढे झालो नाही. गाडीत बसल्या बसल्या कोलीनने मागचं दार ढकलून उघडलं, आणि मदतीला तीही उतरली नाही.